निकेलखालचं लोखंड

खोडद, शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४. दसरा.

आक्काच्या ओसरीवर सकाळीच पाट मांडला होता. कोयता, दोन विळे, द्राक्षाच्या छाटणीच्या कात्र्या, ट्रॅक्टरचे पाने, भाच्याचा लॅपटॉप आणि मधोमध दाजींचं रिव्हॉल्व्हर. सगळ्यांना झेंडू, सगळ्यांना हळदकुंकू. लॅपटॉपला कोरडं कुंकू लागलं, कारण भाचा शेजारी राखण करत उभा होता. रिव्हॉल्व्हरची बाजू घ्यायला कोणी नव्हतं. आक्काने पाण्यात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं नळीवरून ओढली आणि वर ओल्या अक्षता टाकल्या.

एकतीस वर्षं भोसरीत निकेलच्या टाकीवर काढली की माणसाचे डोळे बिघडतात. देव्हाऱ्यातल्या समईतही मला आधी बफिंगच्या रेघा दिसतात. नमस्काराला वाकलो तर नळीच्या तोंडाजवळ, उजव्या अंगाला, ज्वारीच्या दाण्याएवढा फोड. बाकी सगळं आरशासारखं लखलखीत. फोडाच्या कडेला केसाएवढी तपकिरी रेघ.

"काय पाव्हणं, पाया पडताय का वास घेताय?" दाजी म्हणाले.

"दाजी, हे रात्रभर असं राहू देऊ नका. कुंकू पुसून घ्या."

"दसऱ्याच्या दिवशी पुसायचं?" आक्का आतून म्हणाली. विषय तिथंच मिटला.

रविवार, १३ ऑक्टोबर

दाजींनी आपणहूनच बोलावलं. रात्री त्यांनाही तो फोड दिसला असणार. चष्मा लावून बघितला असं म्हणाले नाहीत, पण चष्मा ओसरीवरच पडला होता.

वर्तमानपत्र पसरलं. आधी सिलिंडर बाहेर काढून सहाही घरं रिकामी असल्याचं दोघांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलं. काडतुसं आत, वेगळ्या कुलपात. त्यांच्या बुडावर 'केएफ' शिक्का आहे, म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्याची. तो कारखाना १८६९ चा. गंमत अशी की अमेरिकेत आयझॅक ॲडम्सला निकेल चढवण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं तेही १८६९ मध्येच. त्यानंतर तिकडच्या रिव्हॉल्व्हरवाल्यांनी निकेल उचलून धरलं, आणि त्याला कारण होतं. काळ्या दारूचा जमाना. एक बार काढला की नळीत, सिलिंडरवर काजळी आणि क्षार बसायचे, हवेतलं पाणी ओढायचे, आणि साधं पोलाद रातोरात तांबडं व्हायचं. निकेलवरची घाण फडक्याने निघायची. घाम लागला तरी ते लवकर दाद द्यायचं नाही. काळ्या-निळ्या पोलादावर बसलेला गंजाचा पहिला ठिपका दिसतही नाही. पांढऱ्यावर लगेच दिसतो.

दाजींचं हे स्मिथ अँड वेसन, ३२ बोअर, सहा बारी. त्यांचे वडील आण्णा आळेफाट्याला कांद्याच्या आडतीवर होते, रोकड घेऊन रात्री-अपरात्री घरी यायचे, म्हणून साठच्या दशकात परवाना काढून घेतलेलं. आण्णा गेल्यावर वारसाहक्काने रीतसर दाजींच्या नावावर झालं. घरात त्याला 'चांदीचं' म्हणतात. आक्का लग्न होऊन आली तेव्हापासून ती तसंच म्हणते.

मी स्टीलचा पेला मागवला आणि नळीशेजारी उन्हात धरला. पेला निळसर-राखी दिसतो. निकेल किंचित पिवळट, सायीसारखं. क्रोम असतं तर पेल्याहून निळं दिसलं असतं. म्हणजे निकेलच. मग घोडा आणि चाप पाहिला. तेही चकचकीत पांढरे. इथं मी थांबलो.

स्मिथ अँड वेसनच्या कारखान्यातून निकेल चढून आलेल्या रिव्हॉल्व्हरचा घोडा आणि चाप सहसा निकेलचा नसतो. ते दोन भाग वरून कडक केलेले असतात आणि त्यांच्यावर तेलाच्या तवंगासारखे निळे-तपकिरी ढग दिसतात. इथं सरसकट सगळ्यावर पांढरं. नळीवरची अक्षरं बोटाला लागत नव्हती, डोळ्यालाच दिसत होती. कडा साबणाच्या वडीसारख्या झिजून गोल झालेल्या. एका स्क्रूची खाच तर निकेलने निम्मी भरलेली. भिंगातून पाहिलं तर फोडाच्या आसपास बारीक खड्डे, आणि त्या खड्ड्यांच्या तळाशीही चकाकी.

म्हणजे आधी गंज, मग बफ, मग निकेल. हे काम बाजारातलं.

"आण्णांनी मधी पुण्याला पॉलिश करून आणलं होतं," दाजी सावकाश म्हणाले. "मी कॉलेजात होतो. पावसात भिजून पार तांबडं झालं होतं, आणि परत आलं तेव्हा नवं कोरं."

ते करणारा मी नव्हतो, तेव्हा मी शाळेत होतो. पण हात ओळखीचा वाटला.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

विधानसभेची आचारसंहिता लागली. २० नोव्हेंबरला मतदान. शस्त्र जमा करण्याची नोटीस दोन-चार दिवसांत येईल, दरवेळी येते. दाजींचा दिवस त्याच चिंतेत गेला. ते जमा करण्याबद्दल त्यांची तक्रार नाही. फोडासकट जमा करायचं, याची त्यांना लाज वाटते. "तुम्ही टाकीवाले. दोन दिवसांत जरा हात मारा की!"

नाही म्हणालो. ते रागावले. चहा न विचारता उठले, ही गेल्या चाळीस वर्षांतली पहिलीच वेळ.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

दाजींना तोंडी सांगता आलं नाही ते इथं लिहून ठेवतो.

१९८९ साली मालकांच्या ओळखीचे एक गृहस्थ रुमालात गुंडाळून असंच एक रिव्हॉल्व्हर घेऊन आले होते. "जरा चमकवून द्या." बुलेटच्या सायलेन्सरांच्या रॅकवर मी ते एका तारेला टांगलं. त्याआधी बफवर धरलं, कारण खड्ड्यांवर निकेल नुसतं चढवलं तर ते खड्डे झाकत नाही, उलट जास्त दाखवतं. बफने दहा मिनिटांत खड्डे गेले. अक्षरं गेली. मुठीच्या बुडावरचा नंबरही जवळजवळ गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. आरसा दिसेपर्यंत थांबायचं नाही, हेच आम्हाला शिकवलेलं. शस्त्रावरचा ओळखक्रमांक पुसणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे आणि शस्त्राची दुरुस्तीही तसा परवाना असलेल्यानेच करायची असते, हे मला फार नंतर कळलं. गृहस्थांनी खूश होऊन वीस रुपये दिले. मी त्याची मिसळ खाल्ली.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. निकेल चढवण्याआधी माल ॲसिडात बुडवतात, मग टाकीत वीज सोडतात. दोन्ही वेळा पाण्यातला हायड्रोजन पोलादात शिरतो. मऊ लोखंडाला त्याचं काही वाटत नाही. स्प्रिंगसारखं कडक पोलाद मात्र त्याने ठिसूळ होतं आणि एके दिवशी, कुणी जोर न लावताही, कटकन तुटतं. त्यावर उपाय आहे: माल टाकीतून काढल्यावर लगेच दोनशे अंशांच्या आसपास काही तास भट्टीत भाजायचा, म्हणजे हायड्रोजन बाहेर निघतो. आम्ही भाजला का? आम्ही स्प्रिंगा काढल्यासुद्धा नव्हत्या.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सकाळी दाजी स्वतः आले, सोबत वांग्यांची पिशवी. राग गेला असं समजायचं.

मग नीट समजावलं. गंजाच्या बाबतीत जस्त आणि निकेल हे सख्खे भाऊ नव्हेत. जीआय पत्र्यावरचं जस्त खरवडलं तरी ते स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. निकेल उलटं. ते लोखंडापेक्षा 'खानदानी' धातू, स्वतः झिजत नाही. त्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं आणि ओल आत गेली की खालचं लोखंडच झिजायला लागतं, आणि उघड्या लोखंडापेक्षा जोरात, कारण सगळा मारा त्या एका भोकावर होतो. गंज फुगतो, वरची कातडी उचलली जाते. फोड दिसतो ज्वारीएवढा. आत किती पसरलाय ते निकेल सांगत नाही.

"म्हंजी घरावर चुना मारल्यागत," दाजी म्हणाले.

"चुना परवडला. चुन्याचा पोपडा पडला की तेवढाच पुन्हा मारता येतो."

निकेलची ही खरी अडचण. कल्हईवाला पातेल्याच्या तेवढ्याच कोपऱ्याला कथील फिरवतो. निकेलला ठिगळ लागत नाही. सगळं उतरवायचं, सगळं घासायचं, सगळं पुन्हा चढवायचं. प्रत्येक वेळी अंगचं थोडं पोलाद जातं, आणि अक्षरं.

सोमवार, २१ ऑक्टोबर

जमा केलं. हवालदारांनी परवाना आणि नंबर ताडून पाहिला. मुठीच्या बुडावर शेवटचा आकडा ३ की ८, यासाठी बॅटरी आणि माझं भिंग दोन्ही लागलं. ३ निघाला. दाजींनी पावती खिशात ठेवली आणि घरी येईपर्यंत तिच्यावर हात ठेवून बसले.

रविवार, २७ ऑक्टोबर

रात्रपाळीची वीज. मोटार चालू करायला भाचा अकराला रानात गेला आणि वीस मिनिटांत धापा टाकत परत. उसाच्या कडेला बिबट्या, सोबत अर्धवट वाढलेली दोन पिल्लं. आमच्या जुन्नर तालुक्यात हे आता नवल नाही. ऊस म्हणजे त्यांना बारमाही जंगल. पिल्लं उसात जन्मतात आणि डोंगर न बघताच मोठी होतात. माणिकडोहच्या निवारा केंद्राचं नाव इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"नेमकं आत्ताच जमा केलंय," भाचा म्हणाला.

दाजी हसले. "असतं तर काय केलं असतंस?"

तो गप्प. ३२ बोअरची गोळी साडेसहा ग्रॅमच्या आतबाहेर. अंधारात, हात कापत असताना, पिल्लांसोबतच्या मादीवर ती झाडायची म्हणजे तिला जखमी करून आपल्याकडे बोलावणं. शिवाय बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. जीव वाचवण्याची खरीच वेळ आली होती का, ते नंतर सिद्ध करत बसायचं. निकेलचं असेल तर आणखी एक. चांदण्यात ते काचेसारखं चमकतं. ज्याला दिसू नये त्याला आधी दिसतं. त्यापेक्षा घुंगराची काठी, मोठी बॅटरी आणि मोबाइलवर मोठ्यांदा गाणी. भाच्याची गाणी ऐकून कोणताही प्राणी पळेल.

शुक्रवार, १ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.

नातवाला टिकल्यांचं पिस्तूल आणलं होतं, चंदेरी. सकाळपासून रीळच्या रीळ संपवले. संध्याकाळी बघतो तर घोड्याच्या टोकापाशी पांढरी भुकटी, तिच्या खाली तांबडे ठिपके. एका दिवसात!

टिकलीत पोटॅशियम क्लोरेट असतं. जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, मिठाचा चुलतभाऊ, आणि ते हवेतलं पाणी पितं. जुन्या काळच्या काडतुसांच्या टोपीतही हीच क्लोरेटची भानगड असायची, म्हणून तेव्हाचे सैनिक बार काढल्यावर नळीत आधी गरम पाणी ओतायचे आणि मग तेल. नुसत्या तेलाने मीठ निघत नाही. आण्णांच्या काळची काडतुसंही तशीच असणार. नळीचं तोंड आणि सिलिंडरचा पुढचा भाग, वायूचा मारा तिथंच, आणि फोडही तिथंच आलाय.

नातवाचं पिस्तूल ओल्या फडक्याने पुसलं, शिलाई मशीनचं तेल लावलं. तो म्हणाला, "आजोबा, आता टिकली वाजत नाही." तेल टिकलीपर्यंत पोचलं होतं. खऱ्या रिव्हॉल्व्हरलाही हेच लागू आहे: तेल पुसून घेतल्यावर जेवढं उरतं तेवढंच हवं, काडतुसाच्या टोपीत ते उतरलं तर ऐन वेळी नुसता टक आवाज.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

दाजींसोबत पुण्याला. रिव्हॉल्व्हर ठाण्यात, म्हणून मी भिंगातून काढलेले फोटो आणि परवाना घेऊन एका जुन्या परवानाधारक दुरुस्तीवाल्यांकडे. राजगुरुनगरला चहा. दाजींना तिथं हुतात्मा राजगुरूंची आठवण आल्याशिवाय राहत नाही, आणि मग फर्ग्युसनमधल्या गोगट्यांची. २२ जुलै १९३१, हंगामी गव्हर्नर हॉटसनवर वासुदेव बळवंत गोगट्यांनी गोळ्या झाडल्या, तो वाचला. आम्हाला शाळेत हे तोंडपाठ होतं. पण त्या हत्याराचा रंग काळा होता की पांढरा, हे एकाही मास्तराने सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. सिनेमात खलनायकाचं तेवढं पांढरं असायचं.

दुरुस्तीवाले सत्तरीचे, बोटं माझ्यासारखीच, नखांच्या कडा काळ्या. फोटो एकदाच पाहिले.

"दोनदा पॉलिश झालंय."

"दोनदा?" दाजी.

"स्क्रूच्या खाचेत बघा. एक थर आत, एक वर. चालवता का हे?"

"वर्षात एकदा. एखादा बार."

त्यांनी चार गोष्टी सांगितल्या, आणि चारही मला पटल्या, म्हणून त्यांचा मान राखून लिहितो. पुन्हा निकेल चढवू नका. नंबर तिसऱ्यांदा वाचणार नाही. परदेशी हत्यारं खासगीरीत्या येणं ऐंशीच्या दशकापासून जवळजवळ बंद आहे, म्हणून जुन्या स्मिथ अँड वेसनला लोक लाखांत पैसे मोजतात. पण मोजतात ते मूळ अंगाला, आरशाला नाही. परत मिळालं की आणून दाखवा, फोड नळीच्या आतपर्यंत गेला असेल तर बार काढणं कायमचं बंद. आणि चामड्याच्या म्यानात ठेवता का?

दाजींनी मान डोलावली. आण्णांचंच म्यान आहे, तांबूस, सुरेख शिवलेलं.

"मग फोड कुठून आला विचारत कशाला फिरता?"

चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ल त्यात वर्षानुवर्षं राहतात, आणि पावसाळ्यात चामडं ओल धरतं. त्याच कुशीत निकेल झोपवायचं. मीही हे ओळखायला हवं होतं. मी फक्त टाकीकडे बघत आलो. माल नंतर कुठं जातो, हे आम्ही कधी विचारलं नाही.

परतताना भाच्याचा फोन. त्याला वाटतं, परवाना आता त्याच्या नावावर व्हावा. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे: धारकाने सत्तरी ओलांडली किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर वारसासाठी अर्ज करता येतो. दाजी बहात्तर. "काय करणार त्याचं?" त्यांनी विचारलं. पलीकडून काही तरी मित्राच्या हळदीचं ऐकू आलं. दाजींनी फोन ठेवला आणि नारायणगाव येईपर्यंत बोलले नाहीत. हळदीत हवेत बार काढला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे मी सांगणार होतो. गरज पडली नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

संध्याकाळी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या बाजूला फिरायला. ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, त्यातल्या चौदा इथं आसपास, बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या. नव्वदीच्या सुरुवातीला या उभ्या राहत होत्या तेव्हा मी सुट्टीला आलो होतो, आणि कामावरच्या एका फिटरला धंद्याच्या खाजेने विचारलं होतं, "एवढ्या जाळीला निकेल कुठं मारलं?" तो हसला होता. जाळी स्टेनलेसच्या तारेची, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड. निकेल आहे, पण पोटात, क्रोमियमसोबत मिसळलेलं. आपल्या पेल्याच्या १८-८ स्टीलमध्येही तसंच: अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल. त्याच्यावर ओरखडा आला तर क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःच खपली धरतं. स्मिथ अँड वेसनने १९६५ मध्ये स्टेनलेसचं पहिलं रिव्हॉल्व्हर काढलं आणि निकेलचे दिवस तिथंच भरले. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' काढलं ते तर टायटॅनियम मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं. टाकीवाल्याला तिथं कुणी विचारणार नाही.

तरीही खरं सांगायचं तर, सगळ्यात देखणं निकेलच. स्टेनलेस भांड्यासारखं दिसतं. निकेलला चेहरा असतो.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

परत मिळालं, आणि येताना थेट पुण्याला जाऊन दाखवून आणलं. नळीच्या आत गंज नाही. फोड तोंडाच्या कडेपर्यंतच. दुरुस्तीवाल्यांनी उचललेली पपडी लाकडी काडीने काढली, खालचा तांबडा चट्टा तेलात थांबवला. आता तिथं डाळीएवढा काळा डाग आहे.

दाजी घरी येऊन बराच वेळ त्या डागाकडे बघत बसले. "आण्णा असते तर परत पॉलिशला दिलं असतं."

"दिलं असतं."

रविवार, १ डिसेंबर

थंडी पडली. ओसरीवर दाजी, मी आणि भाचा, आज भाच्याच्या हातात फडकं. सिलिंडर रिकामं असल्याचं तिघांनी पाहिलं. आक्का चिंच आणि राख घेऊन आली, पितळेला चालतं मग याला का नाही म्हणून. मी तिला परत पाठवलं. आंबट नको, राख नको, ब्रासो तर नकोच. त्यात अमोनिया असतो. बाजारातल्या कामात निकेलखाली बहुतेक तांब्याचा थर असतो, आणि चीर पडलेली असली की अमोनिया तिथून शिरून तांबंच खातो. मग निकेल चादरीसारखं सुटतं. नळी धुण्याची जुनी द्रावणंही याच कारणाने वाचून घ्यायची आणि रात्रभर भिजत घालायचं नाही. सुती फडकं, चार थेंब तेल, पुन्हा कोरडं फडकं. सिलिंडरच्या तोंडावरची काजळी खरवडून काढायची नाही, ती राहिली तर राहू दे. शेवटी पातळ मेण. बोटांचे ठसे पुसल्याशिवाय आत ठेवायचं नाही, घामातलं मीठ रात्री काम करतं.

भाच्याला पाऊण तास लागला. मध्ये दोनदा त्याने विचारलं, एवढं दर महिन्याला? दाजींनी उत्तर दिलं नाही. डागावर तो फडकं जास्त घासायला लागला तेव्हा मात्र त्यांनी त्याचा हात धरला.

कोरड्या मांजरपाटात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत लोखंडी कपाटात. काडतुसं वेगळ्या कुलपात. अर्जाचं कोणी बोललं नाही.

म्यान पाटावरच राहिलं. आक्काने ते उचललं, आत हात घालून पाहिला, आणि दुपारी द्राक्षाच्या बागेत जाताना कमरेला लावून गेली. छाटणीची कात्री त्यात बरोब्बर बसते.